फळी मारली तरी आठ दिवसांत पाणंद परत खडखडते: घरी बनवलेल्या फळीचे दोष आणि उपाय

लक्षण आधी नीट सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल.

ट्रॅक्टरमागं फळी, म्हणजे रस्ता सपाट करायला ओढतात ते लोखंडी अवजार, लावून मुरमाची पाणंद, म्हणजे शेतातून वस्तीला जाणारी वाट, सारखी केली. संध्याकाळी उभं राहून बघितलं तर फरशी घातल्यागत. दुसऱ्या दिवशी दुधाचा टेम्पो गेला, दहा-बारा मोटारसायकली गेल्या, कारखान्यावर ऊस टाकून रिकामी ट्रॉली परत आली. तिसऱ्या दिवशी वळणाच्या अलीकडं हँडल थरथरायला लागतं. आठव्या दिवशी पाणंद पन्हाळी पत्र्यासारखी. आणि बारकाईनं बघितलं तर लाटा आधी होत्या त्याच जागी उभ्या असतात.

ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. खड्डा कुठंही पडतो. लाट मात्र त्याच जागी परत आली, तर ती गेलेलीच नव्हती असं समजा. आपण ती फक्त झाकली होती.

आमची पाणंद दक्षिण सोलापुरात आहे, डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत बाराशे मीटर. खाली काळी माती, वर मुरूम. वस्तीवर सहा घरं. याच वाटेनं दूध जातं, द्राक्षं जातात, पोरं सायकलवरून शाळेला जातात. दोन उन्हाळ्यांपूर्वी क्रेटच्या तळाला गळालेले मणी मोजायची वेळ आली होती, आणि सकाळी संकलन केंद्रावर कॅनचं झाकण उघडलं की दुधावर लोण्याचे बारीक कण तरंगायचे. बाराशे मीटरच्या खडखडीत दूध घुसळलं जात होतं. आईला कंबरेच्या दुखण्यासाठी दवाखान्यात नेताना ती दोन्ही हातांनी सीट धरून डोळे मिटून बसायची, तेव्हा ठरवलं की आता या रस्त्याचा नाद सोडायचा नाही. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, लोखंड आणि वेल्डिंग मशीन घरचंच. तरीही पहिल्या दोन फळ्या चुकल्या. तिसरी जमली. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितो. क्रम मोडू नका, कारण पहिलं कारण तसंच ठेवून बाकीची दुरुस्ती केली तर पैसे आणि डिझेल वाया जातं.

आधी फक्कीची चाचणी

क्रिकेटच्या मैदानावर आखायला वापरतात ती फक्की आणा, किलोभर पुरे. फळी मारण्याआधी एका ठिकाणी, जिथं लाटा सगळ्यात वाईट आहेत तिथं, चाकाच्या वाटेवर दहा फूट लांबीत फक्की पसरा. लाटेच्या खोलगट भागात जरा जास्त. मग नेहमीसारखी फळी मारा. आठ दिवस वाहनं जाऊ द्या. नंतर त्याच जागी फावड्यानं रस्त्याच्या लांबीनं एक सरळ चर काढा, चार इंच खोल, आणि चराची कड खुरप्यानं साफ करा.

मी हे केलं तेव्हा गुडघ्यावर बसून बराच वेळ त्या कडेकडं बघत होतो. वर सैल, फिकट मुरूम. त्याच्याखाली पांढरी रेघ, आणि ती रेघ वरखाली, वरखाली, अगदी शिवणीच्या टाक्यासारखी. दोन उंचवट्यांमध्ये अंतर सव्वादोन फूट, खोली नऊ-दहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जुनी लाट जशीच्या तशी खाली दबून टणक बसलेली. माझ्या फळीनं फक्त उंचवट्याचं टोक खरवडून तो सैल मुरूम खोलगट भागात लोटला होता. पहिलं चाक त्यावरून गेलं की सैल माल उडतो, कडेला जातो, आणि टणक लाट परत उघडी पडते.

तुमच्या चरात पांढरी रेघ अशी लाटेसारखी दिसली, तर नव्या मुरमाची ट्रॉली मागवू नका. मुरूम कमी पडलेला नाही. लाट मुळापर्यंत कापली गेलेली नाही. रेघ दिसलीच नाही, फक्की पूर्ण मिसळून गेली असेल, आणि तरीही लाटा येत असतील, तर तुमचा दोष मुरमात किंवा वाहनांच्या वेगात आहे. त्याचं पुढं सांगतो.

लाट भरायची नाही, तळापासून कापायची

दहा फुटांचा सरळ पाइप किंवा अँगल रस्त्याच्या लांबीनं लाटांवर आडवा ठेवा आणि खोलगट जागी टेपनं खोली मोजा. येईल त्यात चार सूत मिळवा. तेवढ्या खोलीपर्यंत सगळा थर फोडायचा. हे काम फळीचं नाही. नऊ फणी मोगडा (ट्रॅक्टरमागचं माती फोडायचं फाळांचं अवजार) लावा आणि तेवढ्याच खोलीला चालवा, गरज पडली तर दोन फेऱ्या. खोल घालू नका. आमच्याकडं मुरमाचा थर पाच इंचांचा आहे आणि एका जागी माझ्याकडून मोगडा खाली काळ्या मातीत गेला. ती माती वर आली आणि पहिल्या पावसात त्या पन्नास फुटांत मोटारसायकली घसरल्या. ती जागा नंतर पूर्ण उकरून भरावी लागली.

थर फुटला की मग फळीचं काम सुरू होतं: माल फिरवणं, मिसळणं, सारखा करणं.

फळी आखूड असेल तर ती लाटेवर लाट काढते

माझी पहिली फळी म्हणजे १०० मिलीमीटरच्या लोखंडी चॅनलचा सहा फुटी तुकडा, दोन कड्या आणि साखळी. शेतात ढेकळं मोडायला चालते तशीच. ती रस्त्यावर ओढली की उंचवट्यावर चढायची आणि पलीकडच्या खोलगट भागात पडायची. पडताना खायची, चढताना सोडायची. म्हणजे खोल जागा आणखी खोल.

आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "अरं, हे कुळवासारखंच झालं की. फास आखूड अन् बैलं पळाली, की रान लाटालाटाचं होतंय. वजन दिंडावर नीट नसलं की फास उड्या मारती." फास म्हणजे कुळवाचं माती कापणारं पातं, दिंड म्हणजे त्याच्या वरचं आडवं लाकूड. आयुष्यभर कुळव धरलेल्या माणसाचं ते निदान होतं आणि ते बरोबर निघालं.

याच गोष्टीला दुसरी साक्ष सातासमुद्रापलीकडून मिळाली. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथं त्याच्या मित्राच्या मालकीच्या झाडीतून तीन किलोमीटरची वाट आहे, हिवाळ्यात बर्फावरून स्नोमोबाइल चालवायला आणि स्कीवरून फिरायला. सार्वजनिक वाटांवर बर्फ सारखा करणारी पट्ट्याची मोठी ग्रूमर यंत्रं फिरतात, खासगी वाटेवर ती परवडत नाहीत. म्हणून लोक घरच्या घरी ग्रूमर जोडतात: जुन्या पलंगाचे अँगल, पोलादी पाती, मागं सपाट तवा, आणि ओढायला स्नोमोबाइल. स्नोमोबाइल जोरात गेली की बर्फावर उंचवटे उठतात, त्यांना तिकडं मोगल म्हणतात. जानेवारीत, इथं गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, त्याचा फोन आला.

"मामा, काल रात्री ओढलं, आज परत तेच. तुम्ही लोखंडातले आहात, जरा बघा की."

"फ्रेम किती लांब आहे?"

"चार फूट."

"आणि एका उंचवट्यापासून दुसरा?"

तो पावलं टाकत गेला, बर्फाचा करकर आवाज फोनवर ऐकू येत होता. "साडेचार-पाच फूट."

मग अडचण तीच. चार फुटांची फ्रेम पाच फुटांच्या लाटेत पूर्ण मावते. ती लाटेच्या आकारानंच चालणार, खाली जाणार, वर येणार. फ्रेम लाटेच्या अंतराच्या दुप्पट लांब असली, की तिचे पाय कायम किमान दोन उंचवट्यांवर टेकलेले राहतात. मधलं पातं मग हवेत एका पातळीत चालतं आणि फक्त उंचवटा कापतं. त्यानं फ्रेम दहा फूट केली. वजन फार वाढवता येत नव्हतं, कारण मोकळ्या बर्फात स्नोमोबाइलचा पट्टा जागेवर फिरतो, म्हणून रुंदी साडेचार फूटच ठेवली आणि एकाच जागी तीन-चार फेऱ्या मारल्या. पुढची पाती कापायला, मधली माल घुसळायला, मागचा तवा दाबायला. ओला बर्फ तव्याला चिकटून गोठायचा, म्हणून तव्याखाली जाड गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा बोल्टनं लावला. मुरमाला त्याचा उपयोग नाही, दगड तो दोन दिवसांत फाडतील. पण लांब फ्रेमचं तत्त्व बर्फाला आणि मुरमाला एकच आहे.

लाटा चाकामुळंच होतात हा समजही अपुरा आहे. निकोलस टाबरले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएलवेन या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये गोल फिरणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर एक चाक ठेवून दाखवलं, की ठरावीक वेगाच्या वर गेलं की सपाट वाळूवर लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग नसली तरी. २००९ मध्ये त्यांनी चाकाच्या जागी तिरकं पातं ठेवूनही अभ्यास केला आणि पात्यानंही तशाच लाटा उठतात हे दिसलं. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: सैल मालावर जोरात ओढलेली फळी स्वतःच लाटा पाडते. रस्ता सारखा करायला आणलेलं अवजार रस्ता बिघडवू शकतं.

माझी तिसरी फळी

बाजूला दोन चॅनल, १०० बाय ५०, प्रत्येकी दहा फूट. हेच पाय, हेच घसरतात. दोन्हींची पुढची टोकं वर वळवलेली, बैलगाडीच्या जुवासारखी नाही, होडीच्या नाकासारखी. मध्ये सहा फुटांची तीन आडवी चॅनल. कोपऱ्यांना तिरके टेकू द्या, नाहीतर एका बाजूला दगड लागला की चौकट पतंगासारखी तिरकी होते. माझी झाली होती.

पाती तीन. पहिलं उजवीकडं तिरकं, दुसरं डावीकडं तिरकं, तिसरं सरळ आडवं. पहिली दोन माल एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवतात, त्यामुळं बारीक आणि जाड माल मिसळतो. तिसरं पातं वरून पुढं झुकवलेलं ठेवायचं, म्हणजे ते खात नाही, चोळत जातं. पहिल्या दोन पात्यांची धार उलट पुढं असावी, म्हणजे वरची कड मागं आणि खालची पुढं. हा कोन बदलता यावा म्हणून पात्याच्या दोन्ही टोकांना अर्धगोल पट्टीत पाच भोकं पाडा आणि बोल्ट घाला. कायमचं वेल्डिंग मारून बसलात तर मुरूम बदलला की अडकाल.

पात्याची उंची पायांच्या तळापासून मोजा. कापणारी पाती पायाच्या तळापेक्षा चार सूत खाली. शेवटचं पातं तळाला समान किंवा एक-दोन सूत वर. मी सुरुवातीला तिन्ही पाती समान ठेवली होती आणि मागचं पातं पुढच्यानं टाकलेला माल पुन्हा ओढून नेत होतं.

पात्यांसाठी नवी पट्टी घेण्यापेक्षा ट्रकचे भंगारातले कमानपाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चांगले, झिजायला टिकतात. पण ते थेट वेल्ड करू नका. स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगशेजारी ठिसूळ होतं, आणि पहिल्या मोठ्या दगडाला टाक्याच्या कडेनंच तडकतं. दोन-दोन फुटांचे तुकडे करून, घणानं सरळ करून, बोल्टनं बसवा. भोक पाडायची जागा गॅसनं लाल तापवून राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्या, सकाळी ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं. तुकडे असल्याचा आणखी एक फायदा, मधला जास्त झिजतो, तेवढाच बदलायचा.

सगळं मिळून वजन १९० किलोच्या आसपास झालं. कोरड्या टणक मुरमावर ते कमी पडतं, तेव्हा पहिल्या दोन पात्यांच्या मधोमध वाळूची पोती बांधतो. इथं हात जोडून सांगतो: वजनाला माणूस उभा करू नका, पोरांना तर बसवूच नका. शेतातल्या फळीवर बसून आपण सगळेच लहानाचे मोठे झालो, पण ही फळी पोलादाची आहे, पात्यांमध्ये मोकळी जागा आहे आणि पुढं ट्रॅक्टर आहे.

ट्रॅक्टरला जोडताना होणारी चूक

माझी दुसरी फळी इथंच चुकली. ती मी ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पॉइंट जोडणीला घट्ट बसवली होती आणि हायड्रोलिकनं उंची धरून ठेवत होतो. तेव्हा होतं असं: ट्रॅक्टरची पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं अवजार खाली दबतं, पुढची चाकं उतरली की मागचं वर उचलतं. ट्रॅक्टर झुलतो तसं पातं खातं आणि सोडतं. ड्रायव्हरला वाटतं आपण लिव्हर नीट धरलंय. रस्त्यावर मात्र ट्रॅक्टरच्या झुलण्याची नक्कल उमटते, लांबच लांब, दहा-बारा फुटांच्या लाटा. तुमच्या पाणंदीवर बारीक खडखड जाऊन असे लांब हेलकावे आले असतील तर दोष जोडणीत आहे, दुसरीकडं शोधू नका.

उपाय सोपा. फळी साखळीनं ओढा. दोन्ही पायांच्या नाकांपासून दोन साखळ्या, पुढं एका कडीत, ती कडी ट्रॅक्टरच्या ओढणीच्या हुकात. साखळी आखूड आणि हूक उंच असेल तर ओढ वरच्या दिशेनं लागते, नाक उचललं जातं आणि पुढचं पातं कामच करत नाही. साखळी सात-आठ फूट ठेवा आणि हूक शक्य तितका खाली. एका बाजूची साखळी दोन कड्या आखूड केली की फळी थोडी तिरकी चालते आणि माल रस्त्याच्या मध्याकडं सरकतो. मध्य उंच राहायलाच हवा. बारा फुटी पाणंदीला मधोमध कडेपेक्षा तीन इंच उंची पुरते, पाणी मग उभं राहत नाही.

वेग, पुन्हा वेग

लो गिअर, चालत्या माणसाच्या गतीनं. ताशी चार-पाच किलोमीटर. फळीशेजारून कुणीतरी चालत जाऊन फक्त आवाज ऐका. फळी नीट चालत असेल तर सलग घसघस येते, जात्यासारखी. मध्येच खट-खट-खट सुरू झालं की पातं उडतंय. त्याच क्षणी वेग कमी करा. तरीही खटखट थांबली नाही तर पात्याची धार जास्त पुढं आहे, एक भोक मागं घ्या. बाराशे मीटरच्या दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांना मला अख्खी दुपार लागते. घाई करून तासाभरात उरकलेलं काम आठ दिवसांत मोडतं, हे मी दोनदा करून बघितलंय.

वापसा नसेल तर फळी बाहेर काढूच नका

शेतकऱ्याला वापसा, म्हणजे ना कोरडी ना चिखल अशी बेताची ओल, समजावून सांगायची गरज नाही, पण रस्त्याला वापसा लागतो हे आपल्या डोक्यात येत नाही. मूठभर मुरूम घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, तळहाताला चिखल लागता कामा नये, आणि गोळा कंबरेएवढ्या उंचीवरून टाकला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर कोरडा. चपटा होऊन बसला तर ओला.

कोरड्यात फळी मारली की पोटमाल, म्हणजे मुरमातली बारीक माती, धुळीनं उडून शेजाऱ्याच्या ज्वारीवर जाऊन बसतो आणि रस्त्यावर नुसते खडे उरतात. तोच पोटमाल मुरमाला धरून ठेवतो. म्हणजे मे महिन्यातली प्रत्येक फेरी रस्ता थोडा मारते. ओल्यात मारली तर चिखल पात्याला लागून गोळे होतात.

हे ज्ञान जुनं आहे. अमेरिकेतल्या मिझुरीत डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्यानं १८९६ च्या सुमारास लाकडाच्या दोन दांडक्यांची साधी फळी करून आपल्या दारातला मातीचा रस्ता पावसानंतर ओढायला सुरुवात केली. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: प्रत्येक पावसानंतर, ओल असतानाच ओढायचं. तिथल्या खेड्यापाड्यांत ती फळी पसरली.

आपल्याकडं वर्षाकाठी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही सप्टेंबरात सगळ्यात जास्त. म्हणून माझं वेळापत्रक असं आहे: मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मोगडा आणि फळी दोन्ही, कारण उन्हाळ्यातल्या लाटा तेव्हाच मुळापासून काढता येतात. मग पावसाळ्यात दोनदा फक्त फळी. शेवटची फेरी परतीच्या पावसाच्या वापशावर, ऊस तोडणी सुरू व्हायच्या आत. ही शेवटची फेरी चुकली तर गाळपाचा सगळा हंगाम तुम्ही खडखडत काढणार.

मधल्या काळात करावंच लागलं तर पाणी लागतं, मला शंभर मीटरला दीड-दोन हजार लिटर लागलं. उन्हाळ्यात गावाला टँकर चालू असताना रस्त्यावर पाणी ओतणं मला पटत नाही, मी ते करत नाही. विहिरीला पाणी असलेल्या महिन्यांतच करतो.

फळी झाली की दाबणं. रोलर मिळाला तर उत्तम. नसेल तर पाण्यानं भरलेला टँकर घ्या आणि दर फेरीला चाकोरी हातभर सरकवत न्या. त्यानंतरची गोष्ट भाच्याकडून शिकलो. बर्फाची वाट तो रात्री ओढतो आणि सकाळपर्यंत कुणाला जाऊ देत नाही. घुसळलेल्या बर्फाचे कण थंडीत काही तासांत एकमेकांना सांधतात, मग वाट टणक होते. त्याआधी वाहन गेलं की सगळं मोडतं. मुरमात सांधणं वेगळ्या कारणानं होतं, ओला पोटमाल सुकताना खड्यांना धरतो, पण वेळ दोघांनाही लागते. आता मी दुपारी उशिरा काम संपवतो आणि रात्रभर दोन्ही टोकांना दोरी बांधतो. सकाळचं दूध त्या दिवशी डोक्यावरून नेतो. वस्तीवरच्या सगळ्यांनी ते मान्य केलंय, आणि फक्त या एका दोरीनं काम दीडपट टिकायला लागलं.

हे सगळं करूनही लाटा येत असतील

मग मुरूम तपासा. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मुरूम, वर पाणी, जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. वर बसलेला गाळाचा थर एकूण मालाच्या दहाव्या हिश्शापेक्षा बराच कमी असेल तर मुरूम धुतल्यासारखा आहे, त्याला धरायला काही नाही. चिकट लालसर मुरूम थोडा आणून मोगड्यानं मिसळा. शेजारी काळी माती फुकट मिळते म्हणून ती टाकू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

आणि वाहनांशी बोला. लाटा कुठं जास्त आहेत बघा: वळणाच्या अलीकडं, चढाच्या सुरुवातीला, मोरीच्या आधी. म्हणजे जिथं ब्रेक लागतो किंवा गिअर टाकून जोर दिला जातो. भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकामी ट्रॉली जास्त नुकसान करते, कारण ती उड्या मारते. मी ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवाल्यांना चहाला बसवून सांगितलं, की रिकामी ट्रॉली घेऊन येताना तेवढे बाराशे मीटर सावकाश या, तुमच्याच ट्रॉलीच्या पिना वाचतील. बहुतेकांनी ऐकलं. एकजण म्हणाला, "आधी सांगायचं नाही का ओ, आम्हाला काय रस्ता मोडायची हौस हाय का?"

आमच्याकडं एक जागा अजून हटत नाही. ओढ्यातून वर येणारा चढ, साधारण चाळीस फूट. सगळं नीट करूनही तिथं पाच-सहा आठवड्यांत लाटा उठतात, कारण प्रत्येक चाक तिथं जोर लावतं आणि कडेनं ओढ्याचं पाणी झिरपत राहतं. फळीनं हा चढ सुटणार नाही असं आता माझं मत झालंय. या दिवाळीनंतर तेवढ्या चाळीस फुटांत हातानं दगडी सोलिंग (दगड रचून केलेला पाया) करून वर मुरमाचा पातळ थर देणार आहे, आणि ओढ्याच्या बाजूला दीड फूट खोल चर काढून पाणी खाली वळवणार आहे. दगड बांधावर गोळा करून ठेवलेत.